नांदेड का लातूर?

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पेशंट नेला की डॉक्टर नाडी बघायच्या आधी एकच विचारायचे, "नांदेड का लातूर?" आमचं गाव दोन्हींच्या मधोमध, तेव्हा तेवढी निवड आमच्या हातात होती. डॉक्टरांचा तरी काय दोष, तिथे गोळ्या-मलमापलीकडे काही नव्हतंच. गावाने दवाखान्याला 'दुसरा बसस्टँड' असं नाव ठेवलं होतं. माझी लेक अशीच नांदेडच्या वाटेवर, जीपमध्ये जन्मली. त्या जीपचा एकेक हिसका मला अजून आठवतो.

निधी दरवर्षी यायचा म्हणे. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला नवा मजला, नवी मशीन. आमच्या वाट्याला नवा रंग. यावरून घरात नवरा-बायकोचं हमखास वाजायचं.

"मोठ्या आजाराला मोठाच दवाखाना लागतो," नवरा म्हणायचा. "तितं पैसा नको का?"

"लागतो की! पन तितवर पोचाया जीव तर ऱ्हायला पायजे."

यंदा कुणाला सुबुद्धी सुचली कोण जाणे. आमच्याकडे ऑपरेशनची खोली सुरू झाली, भूल देणारे डॉक्टर आले, रक्त ठेवायचा फ्रिजही आला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपण इथंच, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. 

कळा सुरू झाल्या तसं लेकीला दवाखान्यात नेलं, विहीणबाईही आल्या. दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होतायत. सिझर करावं लागेल." झालं! पुढचं कुणी ऐकलंच नाही. नवऱ्याने गाडी सुरू करून दाराशी लावली. विहीणबाई डबा, चादर घेऊन मिळेल त्या एसटीने पुढे गेल्या, नांदेडला जागा धरायला. मी लेकीच्या चपला हातात घेऊन उभी.

"कुठं निघालात सगळे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी इथंच करतेय."

नवरा गोंधळला. "मग आमी कुटं जायाचं?"

"कुठंच नाही. बसा."

त्या दवाखान्यात बसायची आम्हाला सवयच नव्हती. बाकाच्या कडेला टेकलो, आणि बाहेर गाडी तशीच घरघरत राहिली.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. नवरा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. लेकीला अजून आतच ठेवलं होतं, दोनेक तासांनी विहीणबाईंचा फोन आला. "समदे वॉर्ड पालथे घातले. हायत कुटं तुमी?"

"गावातच हाव. नात झाली तुमाला!"

"अगं बया! मग मी हितं कुनासाठी जागा धरून बसले?" आणि त्या खो-खो हसत सुटल्या.

लेकीला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. ती गुंगीतच होती. चाकं फरशीवर खडखडत होती, तिला आपण गाडीतच आहोत असं वाटत असावं. डोळे मिटूनच तिने माझा हात चाचपला.

"आई, नांदेड आलं का गं?"

"नांदेड न्हाई आलं, माय," मी म्हणाले. "पोरगी आली."