उन्हाळ्यात चोर, हिवाळ्यात साव

काट्यावरच्या काकांबद्दल आमच्या गल्लीत असं बोललं जातं की टँकर फाटकातून आत येताना ते नुसत्या आवाजावरून आतल्या डिझेलचं वजन सांगतात. ही अफवा कोणी पसरवली हे शोधायला गुप्तहेर नको. काकांनीच. खरी गोष्ट अशी की डिझेल आणि रॉकेल शेजारीशेजारी ठेवलं तर काकांना वासावरून फरक कळत नाही, आणि त्यांची सगळी विद्या एका गुणाकारात मावते. लिटर गुणिले पॉइंट आठ तीन. बस्स. तोही कॅल्क्युलेटरवर, दोनदा, आणि दुसऱ्यांदा उत्तर वेगळं आलं तर तिसऱ्यांदा.

कारखान्याच्या फाटकाशी वजनकाटा, काट्याशेजारी खोली, खोलीत पंखा आणि पंख्याखाली काका. एकोणीस वर्षं. जनरेटरसाठी डिझेलचा टँकर येतो, भरलेला काट्यावर चढतो, रिकामा झाला की पुन्हा चढतो. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे डिझेलचं वजन. चलनावर लिटर लिहिलेले असतात, त्यांचे किलो करायचे आणि जुळतात का ते बघायचं. एवढंच काम. पण काकांचा थाट असा, की चंद्रावरची यानं जणू त्यांच्याच खोलीतून सुटतात. खुर्ची मागे ढकलायची, चष्मा कपाळावर चढवायचा, नजर छताला लावायची आणि नाकातून सुरू व्हायचं: "लिहून घ्याऽ! लिटर म्हणजे जागा. किलो म्हणजे माल. जागेला भुलू नका!" लिहून कोणी घेत नाही. बऱ्याचदा खोलीत दुसरं कोणी नसतंच.

एकोणीस वर्षांच्या चिंतनातून काकांनी एक शोध लावला होता. उन्हाळ्यात ड्रायव्हर चोऱ्या करतात, आणि थंडी पडली की तेच ड्रायव्हर साव होतात. "कारण काय? उन्हानं माणसाची नियत पातळ होते."

"मग तुमची बरी घट्ट राहिली," काकू म्हणायच्या. "फ्रिजमध्ये ठेवून जाता वाटतं?"

काकूंच्या बोलण्याला काका भीक घालत नसत. या शोधापायी चार ड्रायव्हर घरी बसले होते, आणि ते चारही उन्हाळ्यातले. काका ते पराक्रमासारखं बोटांवर मोजून दाखवायचे.

पाचवी आली ती एक बाई. टँकर चालवायला लागून चार महिने झाले होते. भर उन्हाळा, दुपारचे दोन. चलनावर बारा हजार लिटर. काकांनी दोनदा गुणाकार केला: नऊ हजार नऊशे साठ किलो यायला हवं. टँकर रिकामा होऊन पुन्हा काट्यावर चढला, वजाबाकी झाली: नऊ हजार सातशे नव्वद.

"एकशे सत्तर किलो कमी!" काकांचा चेहरा सण असल्यासारखा उजळला. "म्हणजे एक अख्खं पिंप. कुठं उतरवलंत बाई?"

"उतरवलं नाही साहेब. सील तुम्हीच तोडलंत ना आता?"

"सीलचं मला सांगू नका. लिहून घ्याऽ, बारा हजार गुणिले..."

"पॉइंट आठ तीन कुठून आणलंत? चलनावर घनता पॉइंट आठ एक सहा लिहिलीय. वाचा की."

"छपाईची चूक."

"पेनानं लिहिलंय हो काका!" साहेबांचे काका व्हायला एवढाच वेळ लागला. "डेपोत ते तापलेलंच भरलं. डिझेल तापलं की फुगतं. लिटर तेवढेच दिसतात, आत माल कमी बसतो. थंडीत उलटं."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी आपल्याच लग्नात आपल्याकडे निमंत्रण मागावं. पण बाई सही करेना. शेवटी स्टोअरमधून घनता मोजायची काचेची नळी आली. डब्यात कापसावर झोपलेली होती बिचारी. डब्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढली नव्हती. टँकरच्या तळाशी राहिलेलं थोडं डिझेल बाईंनी उंच बरणीत काढलं, नळी त्यात तरंगत सोडली, आणि नळी पॉइंट आठ एक सहावर उभी राहिली.

बाईंनी फोनवर गुणाकार केला. "नऊ हजार सातशे ब्याण्णव. तुमच्या काट्यापेक्षा दोन किलो जास्त. तेवढं तुमच्या पाइपाला चिकटलं असेल, पुसून घ्या."

काका बरणीपाशी वाकले. नळी बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. मग म्हणाले, "नळी नवीन आहे. तिला अनुभव नाही."

आणि या महापुरुषानं अहवाल पाठवलासुद्धा: एक पिंप चोरी. मॅनेजर दुसऱ्या दिवशी अकराला तो वाचणार होते. अहवाल तसाच राहिला असता तर बाईंची नोकरी गेलीच म्हणून समजा.

काकांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत आहे, तीही नावापुरती. इकडे मी रोज नाकातून काकांचा हुबेहूब आवाज काढते, तो पलीकडे काकूंना ऐकू जातो. संध्याकाळी पलीकडून सगळी कहाणी ऐकू आली, अर्थातच काकांचा विजय म्हणून. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, पण नळीनं तर तिचंच खरं केलं."

"नळीचं काय घेऊन बसलीस!"

"बरं, नळी राहू दे. मग ते आधीचे चौघं?"

पलीकडे ताटात चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची मागे सरकली. काका जेवण अर्धं टाकून उठलेत, हे आमच्या घरी कोणालाच पटेना. आईनं भिंतीला कान लावला.

थोड्या वेळानं ते जिन्यात येऊन उभे राहिले. मी तिथेच होते. विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "उद्या अहवाल मागे घेणार आहे."

"तुम्ही? आणि कारण काय लिहिणार?"

"माझी चूक."

मला हसू आवरेना. "लावता पैज? हे दोन शब्द तुमच्या पेनातून उतरायचे नाहीत."

"लावली. हरलीस तर महिनाभर माझा आवाज काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी झेरॉक्स आणून माझ्या हातात दिली. चार पानं! साडेतीन पानं उष्णतेवर व्याख्यान, जणू डिझेल फुगतं हे काल दुपारी त्यांनीच शोधून काढलं. काचेच्या नळीच्या निगेबद्दल आठ सूचना. बाईंचा उल्लेख "सदर वाहनचालक". आणि चौथ्या पानावर, खाली, ठळक अक्षरांत: "माल पूर्ण होता. चूक माझी. याआधीच्या चार अहवालांतही तीच चूक आहे, तेही मागे घेत आहे." चौघांची नावं. खाली सही.

बाई पुढच्या आठवड्यात टँकर घेऊन आल्या, असं काकाच सांगत होते, पुन्हा नाकातून, पुन्हा छताकडे बघत. मला ऐकून घ्यावं लागलं. आज पैजेचा अकरावा दिवस, आणि काकू भिंतीवर टकटक करून विचारतात, "काय गं, आजारी आहेस का?"