दांडी पडायलाच हवी

गेनबा दफेदारांसमोर 'घोड्याच्या उड्या' एवढंच म्हणून सुटका नसे. चहाची बशी खाली ठेवून ते विचारत, "कोणच्या उड्या, मास्तर?" मग धडा सुरू. एका शर्यतीत अडथळ्यावरची दांडी पडली की गुण जातात. दुसरीत घड्याळ लावतात. तिसरीत भिंत चढवत नेतात, एकच घोडा उरेपर्यंत. शाळेत मी शिकवायचो, पण चाकणच्या त्या हॉटेलात विद्यार्थी मीच. तिकडे शाळेची घंटा होऊन जाई आणि यांची भिंत अजून चढतच असे.

घोडदळाच्या रिसाल्यातून सुटून आल्यावर ते कांदा पिकवत आणि चंद्री नावाच्या घोडीला पोटच्या पोरीसारखं जपत. पण तिच्या चारा-चंदीचा खर्च आता झेपेना. तेवढ्यात पुण्याच्या एका घोडेस्वारीच्या शाळेला उस्ताद हवा असल्याचं कळलं. मी मालकांच्या इतका मागे लागलो, की ते आमच्या जत्रेत शर्यत बघायला कबूल झाले. जिंकेल त्याला नोकरी, त्याच्या घोड्यासकट. शर्यत पहिल्या जातीची ठरली, दांडी पडली की गुण जाणारी.

त्या दिवशी दफेदार घोडीवर बसले, अडथळ्यांवरून नजर फिरवली आणि खाली उतरले. प्रत्येक दांडी दोन्ही टोकांना सुंभानं करकचून बांधलेली!

त्यांचा धाकटा भाऊ सखाराम छाती काढून म्हणाला, "दादा, तुझी पाळी आली तवा आमीच आवळल्या. आता एक बी पडायची न्हाई."

"अरं येड्या, खूर लागला तर दांडी पडंल, न्हाईतर घोडी पडंल. सोड ती!"

सखारामचं तोंड एवढंसं झालं. सुंभ ओला करून गाठी मारलेल्या, त्या सुटेनात. लोक ओरडू लागले, मालक घड्याळ बघू लागले. मी दफेदारांच्या कानाशी लागलो, "सुंभाचं मालकांना सांगून टाका, पण आता वेळ घालवू नका. चंद्री दांडीला शिवते तरी कधी?" कुणाचा तरी विळा घेऊन ते सुंभ कापत राहिले.

आणि शेवटच्या अडथळ्यावर चंद्रीचा मागचा खूर लागला. दांडी खाली. त्या एका दांडीपायी नोकरी खडकीच्या एका स्वाराला गेली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "सुंभ राहू दिला असता तर आज उस्ताद झाला असता!"

चंद्रीचा पाय मांडीवर घेऊन ते चाचपत होते. "पाय मोडला असता, मास्तर. मोडल्या पायाच्या घोड्याचं काय करत्यात, ठावं हाय? रिसाल्यात माझ्याच हातानं गोळी घातलीय मी."

पुढे चंद्री खेडच्या टांग्याला गेली आणि दफेदार पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला. तिथंच म्हातारे झाले आणि गेले. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. तो काढायचा कुणावर? सखारामनं मायेनं बांधलं होतं, मालकांनी गुण नियमानं कापले होते, आणि दफेदारांचं तर बरोबरच होतं.