यादी सरकेपर्यंत

रोज सकाळी आठला पाच कमी असताना बाबा पाण्याचा एक्स-रे काढत.

पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन, गळ्यापर्यंत भरलेला. छातीचा फोटो काढायच्या स्टँडसमोर स्टूल, स्टुलावर तो कॅन. बाबा शिशाच्या पार्टिशनमागे जात, बटण दाबत. पडद्यावर कॅनची सावली उमटे. कडा स्वच्छ असल्या आणि मध्ये कुठे डाग नसला की मशीन ठीक आहे असं समजायचं. संगणकावर नावाच्या जागी ते ‘चाचणी’ असं टाइप करत आणि मग पहिल्या पेशंटला आत घेत. एकोणतीस वर्षं हे चाललं. तेवढ्यात मशीन तीनदा बदललं, कॅन दोनदा. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नव्या मशीनला तर त्याची गरजही नव्हती. पण बाबा म्हणत, “मशीनने आधी पाणी बघावं, मग माणूस.”

एक्स-रेची खोली तळमजल्यावर होती, बिनखिडकीची. फोटो वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडम वरच्या मजल्यावर बसत. खाली पेशंट शर्टाची बटणं लावता लावता हमखास विचारत, “काय दिसतंय हो?” बाबांचं उत्तर ठरलेलं: “मी नुसता फोटोग्राफर. चेहरा कसा आलाय ते वरच्यांना विचारा.” त्यांना कळत नसे असं नाही. एकोणतीस वर्षांत त्यांनी जेवढ्या छात्या पाहिल्या होत्या, तेवढ्या मॅडमनीही पाहिल्या नसतील. पण आपलं काम फोटो काढण्याचं, वाचण्याचं नाही, हे त्यांनी स्वतःशी पक्कं ठरवलं होतं. घरीसुद्धा ते कधी काही बोलले नाहीत. आम्हाला एवढंच कळायचं, की ज्या दिवशी एखाद्या फोटोत वाईट काही दिसलेलं असेल, त्या दिवशी बाबा भाजीला नावं ठेवत नाहीत.

आमच्या गल्लीतली पोरं त्यांना रोखा-सोडा काका म्हणत. श्वास घ्या, रोखा, सोडा. एवढ्या तीन शब्दांवर त्यांचं घर चाललं होतं. आम्ही दोघी शिकलो, मी साहित्य घेऊन आणि धाकटीने डॉक्टर व्हायचं ठरवून.

धाकटीच्या डॉक्टर होण्यात एक अडचण होती. ती फार मायाळू होती. आदल्या वर्षी प्रवेशपरीक्षेला दहा दिवस असताना आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आणि धाकटी पुस्तकं मिटून आईच्या कॉटशेजारी जाऊन बसली. आम्ही ओरडलो, समजावलं. ती हलली नाही. परीक्षेत थोडक्या गुणांनी जागा हुकली. “घरात कुणी शिंकलं तरी ही पुस्तक मिटते,” बाबा म्हणाले. ते हसत होते, पण त्या दिवशीही त्यांनी भाजीला नावं ठेवली नाहीत.

परीक्षेला दोनदाच बसता येत असे. यंदाची दुसरी वेळ होती. निकाल लागला तेव्हा ती आत नव्हती आणि बाहेरही नव्हती. एका लांबच्या, इथून बसने अख्ख्या दिवसाच्या अंतरावरच्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत तिचा सतरावा नंबर होता.

यादीचे नियम साधे होते. वरच्या कुणी जागा सोडली की खालचे सगळे एकेक पायरी वर. रोज सकाळी दहाला नवे नंबर लागत. आपली पाळी आली की चोवीस तासांत ‘हो’ म्हणायचं. नाहीतर जागा पुढच्याला. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला यादी बंद. त्यानंतर पहिला नंबर असला काय आणि शंभरावा असला काय, सारखंच.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी स्टुलावरचा कॅन खाली ठेवला आणि स्टूल बाजूला सरकवलं.

त्यांना महिनाभर खोकला होता. धुळीचा, असं ते सांगत. त्या सकाळी त्यांनी खोली झाडणाऱ्या मावशींना पार्टिशनमागे उभं केलं. हे मावशींनीच मला पुढे सांगितलं.

“मी म्हणते तेव्हा दाबायचं ना?” मावशींनी विचारलं.

“मी म्हणतो तेव्हा.”

“वा! फोटो तुमचा, मग म्हणायचं मी. घ्या श्वास, काका. मोठ्ठा. रोखा.”

मावशींनी बटण दाबलं, आणि पडद्यावर काय आलं ते बघण्यात ‘सोडा’ म्हणायच्या विसरल्या. बाबा श्वास रोखून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग खोकले. पडद्यासमोर आले. मावशी म्हणाल्या, “काय दिसतंय हो काका?” बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, “झाडून घ्या तुम्ही.”

नावाच्या जागी त्यांनी सवयीने ‘चाचणी’ टाइप केलं होतं. चाचणीचे फोटो वर कुणी उघडत नसे. रोज पाण्याचा कॅन कोण बघणार? एकोणतीस वर्षांत कुणी बघितला नव्हता, म्हणून आजही बघणार नाही असा बाबांनी हिशेब केला. पण छातीचा फोटो कॅनसारखा दिसत नाही. मॅडमच्या पडद्यावर सकाळच्या फोटोंची लहान लहान चित्रं लागतात, आणि त्यातल्या पहिल्याच चित्रात त्या दिवशी बरगड्या होत्या.

नऊला खालचा फोन वाजला.

“काका, आज चाचणीला कुणाला उभं केलंत?”

“आहेत एक ओळखीचे.”

“त्यांना आत्ताच्या आत्ता माझ्याकडे पाठवा. उजवीकडे वर आहे ते मला अजिबात आवडलेलं नाही.”

 बाबा म्हणाले, “मॅडम, ते तीस तारखेनंतर येतील.”

मॅडम जिना उतरून खाली आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग त्यांनी विनवलं, मग पुन्हा रागावल्या. बाबांचं एकच म्हणणं होतं. घरी कळलं तर धाकटी जाणार नाही. यादी सरकेल, फोन येईल, ती ‘नाही’ म्हणेल आणि माझ्या कॉटशेजारी येऊन बसेल. मला ते बघायचं नाहीये. आणि माझ्या परवानगीशिवाय तुम्ही कुणाला सांगणार नाही, हे मला माहीत आहे.

नंबर चौदा झाला. मग अकरा. घरात सणाचं वातावरण म्हणावं तसं काहीतरी होतं. दहा वाजता आम्ही धाकटीच्या टेबलाभोवती जमायचो, आई ओल्या हातांनी यायची, बाबा हॉस्पिटलमधून फोन करायचे. “काय म्हणतात डॉक्टरीणबाई? कितवा मजला?”

“अकरावा, बाबा.”

“लिफ्ट चालू आहे म्हणायची.”

फोनवर ते खोकले, की रिसीव्हर लांब धरत. आम्हाला वाटे, लाइन खराब आहे.

नंबर पाच झाला त्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरून गेले, म्हणून मी तो द्यायला गेले. मावशी दाराशी फरशी पुसत होत्या. सहज म्हणाल्या, “फोटोचं काय झालं गं बाबांच्या?” आम्हाला ठाऊक असेलच, असं त्यांनी धरून चाललं होतं.

मी आत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, आणि त्यांना समजलं. त्यांनी दार लावलं. वरचा लाल दिवा लागला. आत फोटो चालू आहे, कुणी येऊ नये, असा त्याचा अर्थ.

“दाखवा,” मी म्हटलं.

“तुला काय कळणार त्यातलं, ताई? तू कवितेवाली.”

“दाखवा.”

त्यांनी दाखवला. मला खरंच काही कळलं नाही. काळ्यावर पांढऱ्या बरगड्या, आणि एका बाजूला वर, खांद्याच्या हाडाखाली, वाफ धरल्यासारखं काहीतरी. ते भीतिदायकसुद्धा दिसत नव्हतं.

“आज कितवा?” त्यांनी विचारलं.

“पाच. बाबा, मी आईला सांगणार आहे.”

“सांग. आई रडेल, धाकटी विचारेल, झालं. दोन वर्षं पाण्यात.” ते खुर्चीत बसले. “पाच माणसं राहिलीत, ताई. पाचच. तीस तारखेला मी स्वतः मॅडमकडे जाऊन बसतो. लिहून देऊ?”

“आणि तोवर?”

“तोवर श्वास रोखायचा. मी लोकांना रोज सांगतो. अजून कुणी मेलेलं नाही.”

मी हसले. ते मला अजून टोचतं. मी हसले, चष्मा त्यांच्या हातात दिला आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून दहा वाजताची वेळ माझ्यासाठी बदलली. आधी मी आकड्याकडे बघायचे. आता त्या आकड्याच्या वरच्या, नाव नसलेल्या माणसांकडे बघायला लागले. त्यांच्या घरी आज काहीतरी वेगळं व्हायला हवं होतं. कुणाला दुसरीकडे प्रवेश मिळावा, कुणाचं मन बदलावं, कुणाच्या घरी कुणी आजारी पडावं. शेवटचं मनात आलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आई धुवत होती ती भांडी पुसायला लागले. आई म्हणाली, “आज सूर्य कुठे उगवला?”

चार. दोन. आणि मग यादी थांबली.

नऊ दिवस ती दोनवरच होती. धाकटी सकाळपासून पान ताजं करत राही, जणू हाताने ढकललं की ते हलेल. बाबा आता जिन्याच्या मधल्या वळणावर थांबत. तिथे खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कुंड्या होत्या. एवढ्या वर्षांत बाबांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ते रोज पानं तपासत उभे राहत. आजी खूश झाल्या. “तुमच्या बाबांना झाडांची आवड लागलीय,” त्या मला म्हणाल्या.

एकदा जेवताना धाकटी त्यांच्या मनगटाकडे बघत राहिली. घड्याळ कोपराकडे घसरलं होतं.

“बाबा, तुमचं वजन किती कमी झालंय?”

आईही थांबली.

“तुझ्या यादीबरोबर मीपण खाली सरकतोय,” बाबा म्हणाले. “तू आत गेलीस की मी थांबेन.”

सगळे हसले. मग त्यांनी मुद्दाम, ठरवून, भाजीला नावं ठेवली. मीठ कमी आहे, असं म्हणाले. भाजी खारट झाली होती. आईने चाखून पाहिली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “मी रोज खाली जाते. रोज विचारते. ते मला नंबर सांगतात.”

एकोणतीस तारखेला दहा वाजता दोनच होता. धाकटीने लॅपटॉप बंद केला, केस धुतले आणि दुपारी झोपली. पावणेतीनला तिचा फोन वाजला. एकदम दोघांनी जागा सोडली होती. ‘हो’ म्हणायला तिला चोवीस तास होते. तिने चोवीस सेकंदही घेतले नाहीत. आई तिला मिठी मारून रडली. मी बाबांना फोन केला.

“बाबा, लागला नंबर.”

 पलीकडे त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. “बरं,” ते म्हणाले. “दाराशी सहा पेशंट आहेत. घरी येऊन बोलतो.”

ती रविवारी गेली. बस सुटताना बाबांच्या हातात फक्त तिची उशी होती. बाकीचं सामान त्यांनी आम्हाला उचलायला लावलं आणि वर आम्हालाच आळशी म्हणाले. सोमवारी ते मॅडमच्या खुर्चीसमोर जाऊन बसले. फोटो काढल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. तेव्हाच आलो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी मॅडमना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही.” तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आईला त्या सोमवारी कळलं. तिला कुणी दोष दिला नाही आणि तिने कुणाला दिला नाही. फक्त बाबांना रोज वळणावर थांबलेलं बघणाऱ्या जिन्यातल्या आजींशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. धाकटीला सांगायचं नाही, पहिली परीक्षा होऊ दे, हा हुकूम मात्र कायम राहिला. आता तो पाळणाऱ्या आम्ही दोघी होतो. उपचार सुरू झाले, पण बाबांना ते झेपले नाहीत. अकराव्या आठवड्यात, परीक्षेला बारा दिवस असताना, ते गेले.

धाकटी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिने कपाट उघडून फाइल शोधली, फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मला जे दिसलं नव्हतं ते तिला लगेच दिसलं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली, आणि तिथून माझ्यावर आली. तिने फोटो परत फाइलमध्ये ठेवला. दोन दिवस राहिली आणि परीक्षेला परत गेली. पास झाली. फोन आईला करते.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने नेहमीसारखा फोन केला होता. बाबा उशांना टेकून बसले होते, आवाज बरा होता. तिला त्या दिवशी अभ्यासासाठी हाडं मिळाली होती, खरी माणसाची, लाकडी पेटीत. कुठलं हाड कुठे बसतं हे ती भराभरा सांगत होती आणि बाबा, सगळं ठाऊक असून, “असं होय? बरं, मग?” करत ऐकत होते. मग तिची जेवणाची घंटा झाली.

“जा, जा,” बाबा म्हणाले. “आणि ती पेटी पलंगाखाली सरकवून ठेव गं, खोलीतली दुसरी पोरगी घाबरायची.”