सुमतीबाईंचं वाचन

आंघोळ आटोपली की सुमतीबाई रोज पेपर उघडून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या. काचबिंदूने श्रीनाथरावांची नजर नेली होती. समोरच्या माणसाचा आकार तेवढा कळायचा. त्यांना आधी निधनवार्ता लागायच्या. "कोण कोण सुटलं ते सांग," म्हणायचे.

दिवाळीनंतर बातम्या पातळ झाल्या. वज्रेश्वरी रस्त्यावर खड्डे, पाणी एक दिवसाआड, पुन्हा खड्डे. भिवंडीत याहून वेगळं काय घडणार, म्हणून श्रीनाथरावांना शंका आली नाही. बायकोने दोनदा चष्मा बदलला, तेव्हाही नाही.

मग एका सकाळी त्या दचकून म्हणाल्या, "अहो, तुमचे केसरीनाथ. भावपूर्ण श्रद्धांजली."

दोघा मित्रांनी एकाच कचेरीत जन्म काढला होता. श्रीनाथराव पांढरे कपडे घालून शेजाऱ्याच्या रिक्षाने अंबाडीला केसरीनाथच्या घरी गेले. दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला.

"कोनाला पोचवून आलास रं?"

"तुलाच," श्रीनाथराव कसंबसं म्हणाले.

"आरं, पंच्याहत्तरी हाय माझी. पोरांनी पेपरात हारवाला फोटू दिला, शुभेच्छांचा. वहिनींनी वाचला न्हाय?"

केसरीनाथ पोट धरून हसत होता. श्रीनाथरावांना हसू आलं नाही.

घरी सुमतीबाईंनी सकाळचा पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "फोटो ओळखला. गळ्यात हार दिसला, बाकीचं अंदाजाने. अक्षरं दिसतात हो, पण त्यांचे शब्द होत नाहीत. माझं नाव मी लिहिते आणि मलाच ते वाचता येत नाही. मला वेड लागतंय का?"

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असता, वाचू नकोस."

डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत. शब्द पाहताक्षणी ओळखणारी मेंदूतली जागा गेली आहे, एका छोट्या झटक्याने तिथला रक्तपुरवठा तुटला होता. हाताला मात्र अक्षरांची वळणं आठवतात. गिरवून बघा.

त्या गिरवू लागल्या, श्रीनाथरावांच्या तळहातावर. वळण पुरं झालं की कधी त्यांना अक्षर उमगे, कधी नवऱ्याला. एका मथळ्याला सकाळ जाई. निधनवार्ता मात्र दोघांनीही पुन्हा काढल्या नाहीत.

फाल्गुनात, भाजी चिरताना, दुसरा झटका आला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. त्या सकाळीही वाचन चाललं होतं. श्रीनाथरावांनी घाईने पुढचा शब्द अंदाजाने सांगून मूठ मिटली, तेव्हा त्यांची बोटं सुमतीबाईंनी पुन्हा उघडली.

"थांबा हो जरा, जोडाक्षर आलंय."