ब्रेकरवर पडणारा कोळसा

तबस्सुम शेख रोज बल्लारपूरहून स्कूटीने राजुऱ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला येते. तिसरीचा वर्ग, एकोणीस पोरं. गेल्या हिवाळ्यात तिने फळ्यावर दोन रकाने आखले. एकात लिहिलं 'पुन्हा येणारं', दुसऱ्यात 'संपून जाणारं'. मग म्हणाली, "उद्या दोन्हीतलं एकेक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेलं. धानाच्या लोंब्या, मोहाची पानं, बाटलीत पाणी. निकेशने तर बापाच्या गाडीतलं पेट्रोल शिशीत भरून आणलं होतं. ती शिशी घाईघाईने बाहेर ठेवताना तबस्सुमला पहिल्यांदा वाटलं, आपण नीट विचार करून सांगितलं नाही.

आठ वर्षांच्या दिव्यानीकडे फक्त सागाचं पान होतं.

"आणि दुसरं?"

"आनतो मॅडम."

मधली सुट्टी संपली. दिव्यानीचं दप्तर जागेवर होतं, दिव्यानी नव्हती. तबस्सुमने संडासामागे पाहिलं, हातपंपापाशी पाहिलं. खिचडी शिजवणाऱ्या इंदुताई म्हणाल्या, "ताटली धुतली अन् गेटाकडं गेली. मले वाटलं, घरी गेली."

तेवढ्यात वर्गातली पिंकी हळूच म्हणाली, "कोळसा आनाले गेली, मॅडम. ब्रेकरवर."

गावाबाहेरच्या रस्त्याने खाणीचे ट्रक एकामागे एक जातात. स्पीडब्रेकरवर ट्रक उसळला की दोन-चार ढेकळं खाली पडतात. पोरं इंदुताईंच्या हवाली करून तबस्सुमने स्कूटी काढली. वाटेत एक ट्रक रस्त्याच्या कडेला थांबलेला दिसला, ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे वाकला होता. तिने स्कूटीचा वेग कमी केला. पण तो टायर बघत होता.

ब्रेकरपाशी धुळीत दिव्यानी उकिडवी बसली होती. एक ट्रक गेला आणि दुसरा यायच्या आत ती रस्त्यात धावली.

"दिव्यानी!"

हॉर्न वाजला. पोरगी उडी मारून परत कडेला आली, मुठीत लिंबाएवढा कोळसा. तबस्सुमने तिचा दंड धरला आणि फाडकन् गालावर चापट मारली. सहा वर्षांच्या नोकरीत तिने कुणावर हात उगारला नव्हता.

दिव्यानी रडली नाही. "तुमीच तं सांगतलं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तबस्सुम तिच्या घरी गेली. आई मंजुषा चुलीपाशी होती. तबस्सुमने सगळं सांगितलं, मारल्याचंही. मंजुषा रागावली नाही, आणि त्याचीच तबस्सुमला जास्त भीती वाटली.

"रोजच जाते मॅडम, सकाळी माह्यासंग. दोघी असलो का टोपली लवकर भरते."

"रोज? ट्रक दिसत नाहीत का तुम्हाला?"

"दिसते ना. पन चूल कायनं पेटवू? सिलिंडर कवाचं खाली हाये. लाकडं जंगलात हायेत, अन् तिथी वाघ फिरून राह्यला. दिवाळीत शेजारची बाई सरपनाले गेली, आलीच नाई."

लाकूड पुन्हा येणारं, कोळसा संपून जाणारं, असे रकाने तबस्सुमनेच तर फळ्यावर आखले होते. ती म्हणाली, "पोरीला तरी नेऊ नका. सात वाजता शाळेत पाठवा. मी येते."

"इतक्या सकाळी?"

"येईन."

तेव्हापासून ती पहाटेच बल्लारपूर सोडते. घरी नवरा अयूब कुरकुरतो, तेवढ्या अंधारात त्या रस्त्याने एकटीने जायचं म्हणजे त्यालाही धास्ती. शाळा उघडून ती पायरीवर बसते. दिव्यानी बहुतेक दिवस येते, दोघी मिळून वाचतात. कधी मात्र साडेसात होतात, पावणेआठ होतात. मग तबस्सुम गेटपाशी जाऊन उभी राहते, रस्त्यावर ट्रकचा ब्रेक लागला की कान टवकारते. आणि दिव्यानी शाळेत आली, की तिकडे ब्रेकरवर मंजुषा एकटीच असते.