टोपी सोडून सगळं टेक ऑफ

आज सकाळी माझे गुरुजी गेले. मी रडले नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतोय.

साठच्या दशकातली उरवड्याची सातवीपर्यंतची शाळा. गुरुजींचं इंग्लिश पुस्तकातून स्वतःच शिकलेलं. पण नियम एकच. अर्थ वहीत लिहायचा नाही, आधी करून दाखवायचा.

एकदा ‘टेक ऑफ’ आलं.

गुरुजींनी अंगातला कोट काढला. “आय टेक ऑफ माय कोट!”
मग हेडमास्तरांची नक्कल केली. तेही टेक ऑफ!
मग धोतर सावरत पटांगणात पळाले. एक हात पसरलेला, दुसरा टोपीवर. विमान टेक ऑफ!

एका पंखाचं विमान. आम्ही हसून लोळलो.

किसना म्हणाला, “गुरुजी, त्यापरीस टोपीच काढा की. लई सोपं हाय.”

गुरुजी एकदम गंभीर झाले. “टोपी नाही. घरातलं माणूस गेलं तर टोपी उतरवायची. एरवी नाही.”

मी सातवी पास झाले. पुढची शाळा थेट पौडला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “बास झालं. पोरगी येवढ्या लांब जायाची न्हाई. स्थळ आलंय.”

माझं वय तेरा.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. तासभर समजावलं. आप्पांचं एकच, “न्हाई म्हंजी न्हाई.”

गुरुजी उठले. मला वाटलं, निघाले.

त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आप्पांच्या पायांवर ठेवली.

आप्पा ताडकन उभे राहिले. “गुरुजी! ह्ये काय करताय? उचला आदी!”

“पोरीला पौडला धाडतो म्हणा. मग उचलतो.”

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडत होती. मी दाराआड.

आप्पांनी स्वतः वाकून टोपी उचलली. सदऱ्याला पुसली. गुरुजींच्या डोक्यावर नीट बसवली.

“सोमवारपास्नं जाईल ती.”

मी गेले. पुढे बी.ए., बी.एड. केलं आणि एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्लिश शिकवलं. दर वर्षी पदर खोचून ग्राउंडवर पळाले, दोन्ही हात पसरून. मुलं हसायची. हसू दे.

नोकरी लागल्याचं सांगायला गेले तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, “चुकीचं शिकवू नकोस.”

आज त्यांच्या घरी पोचले. हॉस्पिटलमधून नुकतंच आणलेलं. डोकं उघडं.

मी त्यांच्या मुलाला म्हटलं, “दादा, टोपी कुठंय?”

खुंटीवर होती. पदराला पुसली आणि माझ्या हातांनी त्यांच्या डोक्यावर बसवली. आप्पांनी बसवली होती तशीच.

कुणीतरी कुजबुजलं, “बाईमान्सानं कशाला?”

दादा म्हणाले, “तिचाच मान हाय तो.”

गुरुजी, माझ्यासाठी एकदा उतरवलीत. आता तशीच राहू द्या.

या आता.

तुमची सुमन, इयत्ता सातवी, उरवडे