पुनाजीचं कुरण आणि खांदशेकणीची दुपार

"ऊठ बाबा, साखळीवरून ऊठ," मी तिसऱ्यांदा म्हणालो. पुनाजी गोवारी ढिम्म. गावची गुरं राखणारा हा म्हातारा, ऐन कुरणात आमची मोजणीची साखळी ताणलेली पाहून तिच्यावरच मांडी घालून बसला होता.

"मोजून काय करून राहिले?"

"सर्व्हेचं काम आहे. जमिनीला नंबर द्यायचा."

"नंबर देल्ला का तिले नांगर लागते. मले सारं ठावं हाय."

खोटं नव्हतं त्याचं; नंबर पडला की जमीन लागवडीला जायची. मी सर्व्हे खात्यात मोजणीदार, पुण्याकडून नुकताच वऱ्हाडात आलेला. आमची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा. मग खड्डा खणायचा, काळी माती किती खोल ते पाहायचं आणि जमिनीचा वर्ग ठरवायचा. या कुरणात कितीही खणा, मुरूम लागेचना. अव्वल जमीन! हे कळलं आणि पाटलाच्या तोंडाला पाणी सुटलं. सुटणारच. तिकडे अमेरिकेत लढाई, विलायतेला तिथला कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. लोकांनी शेताचे धुरे, म्हणजे बांधसुद्धा पेरायचे सोडले नव्हते.

पुनाजी अखेर उठला, पण माझा हात धरून मला कुरणात आत घेऊन गेला. गवत माझ्या छातीला लागत होतं. पलीकडे काळविटांचा कळप उभा. आणि एक माळढोक, नवा पट्टा मिळालेल्या शिपायासारखा, मान वर करून ऐटीत चालला होता. आज इतक्या वर्षांनीही तो तसाच डोळ्यांसमोर येतो.

"हे पाखरू पावसात एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर. नांगर फिरला का संपलं," पुनाजी म्हणाला. "माह्यं काय, मी जाईन मरून. हे कोठी जातीन?"

मला फार वाईट वाटलं. पण खोल माती उथळ लिहिणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि आमचा गोरा साहेब स्वतः खड्ड्यात उतरून तपासायचा. कॅम्पवर त्यालाच विचारलं.

"सब रयत मांगेगा तो चराई रखो," तो म्हणाला. "नहीं तो नंबर डालो."

म्हणजे कुरण राखायचं तर सगळ्या खातेदारांच्या सह्या हव्यात. पाटलाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अजी मोजणीदार, कपाशी सोडून गवत कोन मांगते? सारे माह्या मुठीत हायेत. दिवस मी सांगतो."

श्रावणात त्यानं दिवस नेमला तो पोळ्याच्या आदला. त्या दिवशी औत बंद, शेतात कोणी नाही, अख्खा गाव हाती लागतो. मलाही ते पटलं.

दुपार कलल्यावर पारावर दोन कागद मांडून बसलो. एक नंबराचा, एक चराईचा. माणसं येऊ लागली आणि मी बघतच राहिलो. सगळ्यांचे हात पिवळेधमक! त्या दिवशी वऱ्हाडात खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोललेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ही मंडळी थेट गोठ्यातून उठून आली होती.

"करा रे निशाण्या नंबराच्या कागदावर," पाटील म्हणाला.

तेवढ्यात पुनाजी उभा राहिला. "बापहो, बैलायले आवतन देल्लं ना?"

"देल्लं."

"उद्या पुरनपोळी चारसान. परवा कोठी चारसान? पाटलाच्या कपाशीत?"

पुढच्या रांगेतला एक जण उठला. "आत्ताच त्याले जेवाले बलावून आलो. अन् आता त्याचंच ताट लिहून देऊ काय? मले नाई जमत." त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा.

पाटील खवळला. "काहून रे, काल तं हो म्हने सारे!"

"काल हात पिवळे नोयते, पाटील."

सगळे चराईच्या कागदाकडे वळले. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराचं चित्र. गवत राखायचा अर्ज आणि खाली ओळीनं नांगर! पाटील शेवटी उरला. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. तेही पिवळेच होते. मला एक कचकचीत शिवी घातली आणि आपला नांगर काढला. पुनाजी तिथंच पाराला टेकून रडला. माझेही डोळे भरले, कशाला लपवू?

साहेबानं कागदावरचे डाग पाहून विचारलं, "ये पीला क्या?"

"हळद, साहेब."

मंजूर झालं. पुढे लढाई संपली, भाव कोसळले. ज्या गावांनी कुरणं मोडली होती, ती बैलांना चारा शोधत याच शिवारापर्यंत येऊ लागली.

नव्या मोजणीदारांना मी एवढंच सांगत असे, गावाच्या सह्या घ्यायच्या तर आधी पंचांग बघा. पाटलानंही बघितलं होतं म्हणा. पण त्याला त्यात सुट्टी दिसली, सण दिसला नाही.